फिरंगी देवळाची मागची बाजू

डहाणूत मी खोली शोधत फिरत होते तेव्हा प्रत्येक घरमालकाने मला जात, गाव, लग्न झालंय का आणि मच्छी खाता का, हे चार प्रश्न विचारले. एकाच माणसाने यातला एकही विचारला नाही. त्यांनी विचारलं, "सिस्टर, डोळे कसे आहेत तुमचे?"

मी नर्स. सरकारी दवाखान्यात नुकतीच बदली होऊन आलेली, मूळची सांगलीकडची. मला वाटलं, म्हाताऱ्याला मोतीबिंदू असेल आणि दवाखान्यातली ओळख हवी असेल. "चांगले आहेत," मी म्हटलं. ते आत गेले आणि दोन फोटो घेऊन आले. दोन्हींत एक पडकी दगडी भिंत होती. वरच्या अंगाला एक मोठं गोल भोक, त्यातून बाहेर आलेली पिंपळाची फांदी, खाली गुडघाभर गवत.

"काय फरक?"

मी फोटो उजेडात धरले, तिरके केले, पुन्हा सरळ केले. शेवटी म्हटलं, "मला तरी काही फरक दिसत नाही."

"बराबर. एकाच फोटोच्या दोन कॉप्या आहेत," ते म्हणाले. "तुमच्या आधी एक बँकवाला आलेला. त्याने फरक काढून दाखवले. त्याला नाय दिली खोली."

अशी मला वाडीतल्या घराची वरची खोली मिळाली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि वाडीपासून स्टेशनपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे.

डहाणू रोड स्टेशनवरून रिक्षा केली की बाजार संपतो, मग चिकूच्या वाड्या लागतात. त्यातल्या एका आतल्या गल्लीच्या टोकाला काकांचं घर. घराच्या मागे त्यांची चिकूची झाडं, आणि झाडं जिथे संपतात तिथे ते पडकं चर्च. गावात कोणी त्याला चर्च म्हणत नसे. फिरंगी देऊळ म्हणत. पोर्तुगीज गेले, छप्पर गेलं, घंटा कुठे गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. चार भिंती तेवढ्या राहिल्या होत्या, त्याही एका उंचीच्या नाहीत. आमच्या बाजूने फक्त त्याची पाठ दिसायची, गोल भोकाची ती उंच भिंत. तोंड पलीकडे, समुद्राकडे होतं. देवळाच्या दोन्ही कुशींना काटेरी झुडपांची जाड वई येऊन टेकली होती, त्यामुळे पलीकडचं काही दिसायचं नाही.

काका चर्चला "पाहुणा" म्हणत. "आमच्या वाडीत एक पाहुणा आहे," ते नव्या माणसाला सांगत. "माझ्या आज्याच्या आज्याच्या आधी आला. जायचं नाव काढत नाय. आता त्याला ऊठ कोण म्हणणार?"

या पाहुण्याचे फोटो काढणं हा त्यांचा दिवसाचा मुख्य कार्यक्रम. चिकू उतरवणं, पाणी सोडणं, बाजार, हे सगळं त्याच्या आगेमागे. फोटो काढायला जाताना ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत. बाजारात जाताना मात्र बनियनवर गमछा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बाजारात मला कोण बघतं? इथे समोर एवढा मोठा माणूस उभा आहे."

कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, त्याच्यावर काळी छत्री बांधायची, आणि स्वतः उन्हात उभं राहायचं. मग थांबायचं. ते इतका वेळ थांबत की सुरुवातीला मला वाटायचं, माणसाला उभ्याउभ्या झोप लागली. मी वरून हाक मारली की हात वर करायचे, म्हणजे जागे आहेत. "फोटो काढायचा म्हणजे थांबायचं, सिस्टर. बोट सगळ्यांत शेवटी हलवायचं." कधी ढग सरकायची वाट बघत, कधी शेळी भिंतीपासून दूर जायची. शेळीला हाकलत नसत. "ती इथलीच आहे. तिला कुठे जायचं ते तिचं ती बघेल."

फोटो स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत छापून आणत आणि माजघरात दोऱ्या बांधून, चिमटे लावून टांगत. पारूमावशी, म्हणजे आमची मासे विकणारी बाई, पाटी उतरवून दारात बसली की आत बघून म्हणायची, "काकांचे बोंबील वाळले का?" काका हसायचे नाहीत, पण तिला चहा न देता सोडायचेही नाहीत.

महिन्यातून एकदा मला माजघरात बोलावणं यायचं. नवे फोटो बघून मी त्यातलं चुकलेलं सांगायचं, अशी अट होती. चांगलं काय ते सांगायला बंदी. "चांगलं मला दिसतंच. त्याच्यासाठी भाडेकरू कशाला ठेवू?" सुरुवातीला मी भीतभीत सांगायची, हे जरा काळपट वाटतं, इथे फांदी मध्ये येते. ते मान डोलवायचे. हळूहळू मलाही बघायची सवय लागली. एकाच भिंतीचे इतके फोटो बघून मी कंटाळेन असं मला वाटलं होतं, पण उलटंच झालं. पावसाळ्यात दगड काळे पडतात आणि शेवाळ हिरवं पेटतं, थंडीत तीच भिंत भाजलेल्या पापडासारखी दिसते, हे मला डोळ्याने कधी दिसलं नव्हतं, फोटोत दिसलं.

"पडकी वस्तू रोज थोडी पडते असं लोक म्हणतात," ते एकदा म्हणाले. "मला तसं दिसत नाय. मला ती रोज थोडी उभी राहिलेली दिसते."

हे वाक्य मी दवाखान्यात दोन-तीन जणींना सांगितलं. एका पेशंटलाही सांगितलं, मांडीचं हाड मोडलेल्या म्हातारीला. तिला ते माझ्यापेक्षा जास्त पटलं.

त्यांच्या फोटोत माणूस कधी नसायचा. अपवाद एकच, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. वापीचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं. मोबाईलच्या नकाशाने त्यांना पुढच्या रस्त्याऐवजी आमच्या गल्लीत आणून सोडलं. मुलगा कोट घालून घामाने निथळत होता. मुलीचा झगा इतका लांब होता की त्याला शेळ्यांच्या लेंड्या चिकटत होत्या. बरोबरचा फोटोग्राफर रंगीत धुराच्या नळकांड्या घेऊन आलेला. त्याने विचारलं, "अंकल, मेन गेट किधर है?"

"रस्त्यावरून जा, फिरून," काका म्हणाले. "पण हे पण देऊळच आहे."

फोटोग्राफरने भिंत बघितली, तोंड वाकडं केलं आणि गाडीकडे बॅटरी आणायला गेला. तेवढ्यात मुलीच्या पायात काटा भरला. ती एका दगडावर बसली, चप्पल काढली आणि पाय वर धरला. मुलाने कोट काढून गवतात टाकला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन काटा शोधायला लागला. दोघं बारीक आवाजात भांडत होती. ती म्हणत होती, मी तुला सांगितलेलं बीचवर करू. तो म्हणत होता, हलू नकोस. काकांनी छत्री तशीच ठेवून कॅमेरा थोडा वळवला आणि बोट हलवलं. नेहमीसारखं थांबले नाहीत.

फोटो छापून त्यांनी तो मुलाने दिलेल्या पत्त्यावर पाठवला. काही महिन्यांनी ती दोघं पुन्हा आली, लग्न झालेली, पेढे घेऊन. म्हणाली, धुरावाले सगळे फोटो अल्बममध्ये आहेत, भिंतीवर हा एकच लावलाय. काका खूश झाले, पण म्हणाले एवढंच, "काटा काढताना माणूस हसायचं विसरतो. म्हणून बरा येतो."

त्या दिवशी मी त्यांना विचारलं की तुम्ही पुढच्या बाजूने का नाही काढत? पुढे दरवाजा आहे, कमान आहे, समुद्राचा उजेड आहे. मी रिक्षातून जाताना बघितलेली.

"दर्शनी बाजू सगळेच काढतात," ते म्हणाले. "पाठीला कोण विचारतो?"

"आणि संध्याकाळी का नाही काढत?"

"संध्याकाळचा उजेड लाडावलेला असतो."

मला ते फारच थोर वाटलं. दुसऱ्या दिवशी पारूमावशी सुरमई कापत होती तेव्हा तिला मी ते कौतुकाने सांगितलं. ती कापायची थांबली.

"अगं बाय, संध्याकाळी ऊन पलीकडल्या अंगाला असतं. आपल्या बाजूला अंधार. आणि पलीकडे त्यांना पाय टाकायला जागा नाय. ती बहिणीची वाडी. माहीत नाय तुला?"

मला माहीत नव्हतं. मी तिथे राहून वर्ष उलटून गेलं होतं, आणि काकांना बहीण आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पारूमावशी दोन्ही घरी मासे द्यायची. आधी इकडे, मग वईला वळसा घालून तिकडे.

"तुला सिस्टर म्हणतात दिवसभर," ती म्हणाली. "सख्ख्या सिस्टरशी बोलत नायत."

मग तिने सांगितलं ते असं. बहीण वेवजीला दिलेली. तिचा नवरा गेला, मूलबाळ नाही, ती माहेरी परत आली. तोवर यांचे वडील वारले होते. भावकी म्हणाली, बहिणीने हक्कसोड करून द्यावं, काकांनी तिला सांभाळावं, अशीच रीत आहे. ती म्हणाली, सांभाळायला मी काय गाय आहे का, बाप माझाही होता. भावकी खवळली. काका खवळले नाहीत. ते उठले, दोर घेतला आणि वाडी स्वतः मोजली. लहानपणी वडील दोघांना आंबा वाटून घ्यायला लावत, तेव्हा नियम असा होता की जो कापेल त्याने मागून उचलायचं. काकांनी वाडी कापली, रेघ थेट देवळाच्या मधून नेली, आणि बहिणीला म्हणाले, उचल. तिने समुद्राकडचा भाग उचलला, देवळाच्या तोंडाचा.

"आणि मग?"

"मग काय. हे घरात गेले. कॅमेरा तेव्हापण होता, पोरगेले होते तेव्हापासून पुढून फोटो काढायचे. दुसऱ्या दिवसापासून मागून काढायला लागले. तेव्हापासून बोलणं नाय." तिने सुरमईचं डोकं बाजूला काढलं. "भांडले असते तर मिटलं तरी असतं. भांडलेच नायत."

पुढच्या रविवारी मी मोगऱ्याचं रोप घ्यायच्या निमित्ताने पलीकडे गेले. रस्त्याला लागूनच गेट होतं, आत पिशव्यांतल्या रोपांच्या रांगा, एक जुना टेम्पो, आणि त्यांच्या मागे ते देऊळ, तोंड वर करून उभं. कमानीचे दगड इतके स्वच्छ कापलेले की काल बसवल्यासारखे वाटत. साडीवर पुरुषी शर्ट घातलेली एक ठेंगणी बाई मांडी घालून रायणीच्या रोपांवर चिकूची कलमं बांधत होती. हात चिखलाचे, पण पट्टी गुंडाळताना बोटं माझ्यापेक्षा सफाईने चालत होती.

"तुम्ही भाईच्या वरच्या खोलीतल्या नर्सबाई," ती वर न बघता म्हणाली.

"हो."

"मोगरा त्या टोकाला आहे. बघून घ्या." मी रोप निवडून आणलं, तेव्हा म्हणाली, "त्याचा डावा गुडघा कसा आहे?"

"चालताना दुखतो. व्यायाम सांगितलाय, करत नाहीत."

"करणार नाय. खोकला कमी झाला पण."

"तुम्हाला ऐकू येतो?"

"भिंतीला कान असतात म्हणतात. इथे तर भिंत पण फुटकी." तिने एक कलम बांधून बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "मागून कसं दिसतं आता देऊळ?"

मी सांगितलं. गोल भोक, पिंपळाची फांदी, गवत, शेवाळ. ती कलम हातात धरून ऐकत राहिली.

"पिंपळ एवढा झाला? आम्ही तिथे बसून चिंचा फोडायचो तेव्हा दोन पानं होती त्याला."

निघताना मी तिला विचारून माझ्या मोबाईलवर देवळाचा पुढून फोटो काढला. उन्हं कलली होती, कमान मधासारखी दिसत होती. घरी येऊन काकांपुढे मोबाईल धरला. त्यांनी बघितलं नाही. चेहरा बाजूला केला, अगदी ठरवून.

"ती बाजू तिची आहे. तिने दाखवली तर बघीन," ते म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात की काय. पण थोड्या वेळाने जिन्याखाली येऊन उभे राहिले.

"काय म्हणाली?"

"गुडघ्याचं विचारत होत्या."

"कुठल्या?"

"डाव्या."

ते पायरीवर बसले. "डावाच दुखतो," ते म्हणाले.

त्याच सुमारास आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. तलासरीच्या बाजूला जास्त. लोक घरं सोडून अंगणात, मांडवात राहायला लागले. शाळा झाडाखाली भरत होत्या. दवाखान्यात भिंतीवरचं घड्याळ पडलं, आणि तेव्हापासून डिलिव्हरी झालेल्या बायका पाळणे खिडकीपासून लांब ठेवायला सांगत. पारूमावशी म्हणायची, "जमिनीला खोकला झालाय. कोणीतरी काढा द्या." धक्का यायच्या आधी आवाज यायचा, कुठेतरी डंपरमधून दगड ओतल्यासारखा. हळूहळू तो आवाज आला की माझे हात आपोआप काहीतरी धरायचे.

तालुक्याहून माणसं येऊन देवळापासून लांब राहा असं सांगून गेली. काकांनी तिकाटणं चार हात मागे घेतलं. त्याहून जास्त नाही.

ज्या दुपारी ते घडलं त्या दुपारी मी घरीच होते, परसात कपडे वाळत घालत होते. काका छत्रीशेजारी उभे होते, पांढऱ्या शर्टात. आधी तो आवाज आला. मग पायाखालची जमीन कोणीतरी चादर झटकावी तशी हलली. मी दोरी धरून खाली बसले. समोर गोल भोकाची कड सुटली, मग तिच्या खालचे दगड, मग मधला सगळा भाग आतल्या बाजूला गेला. पडताना आवाज मोठा झाला नाही, नंतर झाला. धुळीचा असा लोट उठला की चिकूची झाडं दिसेनाशी झाली.

धुळीत पलीकडून हाक आली. "भाई."

कोणी ओ दिली नाही.

"भाई. ए भाई."

मी धावत पुढे गेले. काका तिकाटण्यापाशी धड उभे होते, कुठे लागलं नव्हतं. तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. नुसते ओठ हलत होते. पलीकडून ती हाका मारत होती आणि तिचा आवाज आता भिंतीच्या जवळ येत होता. मी त्यांचा दंड धरून हलवला. "काका, ओ द्या. त्या ढिगाऱ्याकडे येतायत."

तेव्हा त्यांचा आवाज फुटला. "बेन, मागे हो. वरचा दगड सुटलाय."

पलीकडची पावलं थांबली. मग तिने विचारलं, "तू कुठे आहेस?"

"मागे."

"मागे म्हणजे कुठे?"

"माझ्या जागेत."

"तुझी जागा गेली खड्ड्यात. लागलंय का?"

"नाय. तुला?"

यावर तिने काय म्हटलं ते कळलं नाही, कारण काका चालायला लागले होते. रस्त्याने फिरून जायला चांगला वेळ लागला असता. ते सरळ वईत शिरले. मी ओरडले, पण ते कमरेपर्यंत काट्यांत गेले होते आणि तिथे अडकले, पुढे जाता येईना, मागे येता येईना. पलीकडून ती कलमाचा चाकू घेऊन आली आणि फांद्या तोडायला लागली. मध्ये जाळी, अलीकडून मी शर्ट सोडवतेय, पलीकडून ती ओढतेय.

"एवढा म्हातारा झालास, ये-जा करायला एक झापं ठेवता आलं नाय वईला?"

"तू ठेवायचं होतंस."

"वई कोणी घातली?"

"कापणाऱ्याने घालायची असते."

"आणि उचलणाऱ्याने काय मुकं व्हायचं असतं?"

ते तिच्या बाजूला बाहेर पडले तेव्हा शर्टाच्या चिंध्या झाल्या होत्या आणि हातापायांवर ओरखडे होते. दोघं एकमेकांना शिवली नाहीत. ती नुसती त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली, रोप विकायला काढण्याआधी बघावं तशी. मग तिला हुंदका आला आणि ती राग आल्यासारखी घराकडे वळली. काका तिच्या मागून गेले, लंगडत.

ओसरीवर मी जखमा धुतल्या. ती चहा घेऊन आली. काका बशीत चहा ओतून तसेच बसले. धूळ खाली बसल्यावर तिथून देवळाचा दरवाजा दिसत होता, आणि आज पहिल्यांदाच दरवाज्यातून आरपार काकांची चिकूची झाडं दिसत होती, आणि त्यांच्यापुढे एकटी उभी काळी छत्री.

"एक विचारू?" काका म्हणाले.

"विचार."

"तोंडाची बाजू तू का उचललीस? तुला माहीत होतं, मी रोज इथे उभा राहायचो."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "रस्ता या बाजूला आहे म्हणून," ती म्हणाली. "वेवजीहून टेम्पो आणलेला. तो कुठून घालू, तुझ्या गल्लीतून? तिथे सायकल वळत नाय."

"टेम्पो?"

"मग तुला काय वाटलं?"

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मी नाडी बघायला हात पुढे केला. पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तिला आधी काही कळेना, मग कळलं तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं? अरे, एकदा विचारायचं तरी." आणि तीही हसायला लागली, पण तिचं हसू मधेच मोडत होतं.

त्यानंतर पुढे काय, हा प्रश्न गावानेच काढला. उरलेलं देऊळ धोक्याचं आहे, पाडून टाका, असं बरेच जण म्हणाले. पंचायतीने दोघांना बोलावलं, कारण जागा दोघांची. दोघं शेजारी बसली आणि दोघांनीही नको म्हटलं, पण वेगवेगळ्या कारणांनी, त्यामुळे तिथेही त्यांचं जुंपलं. ती म्हणत होती, कमान पाडली तर दगड माझ्या रोपांवर येतील. ते म्हणत होते, पाहुण्याला घालवून देतात का. शेवटी पारूमावशीच्या घरची माणसं आली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून उभ्या करतात तेव्हा दोन्ही अंगांनी लाकडी टेकू देतात, तसे त्यांनी पुढच्या भिंतीला जुन्या होड्यांची लाकडं लावून टेकू दिले. भोवती बांबूचं कुंपण घातलं. वईला झापं बसलं. ते इकडे उघडावं की तिकडे, यावर दोघं आठवडाभर वाद घालत होती, आणि मला वाटतं, तो वाद त्यांनी मुद्दाम लांबवला.

काका आता पुढून फोटो काढायला मोकळे झाले. पांढरा शर्ट, तिकाटणं, छत्री, संध्याकाळचं ऊन, सगळं जमलं. त्या महिन्यात माजघरात गेले तर ते दोरीखाली उभे होते, फोटो उतरवत.

"सगळे चुकलेत," ते म्हणाले. "तुम्ही सांगायची गरज नाय. रस्त्यावरचा कोणी पण असे काढेल."

मी बघितलं. खरंच तसे होते. सुंदर, आणि कुठेतरी आधी बघितलेले. मला वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या बाजूसाठी माणूस झुरला, ती मिळाल्यावर असं व्हावं. पण त्यांना वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. चिमटे डब्यात टाकत ते म्हणाले, "बेनकडे आज वाल आहेत. तुम्हालाही बोलावलंय."

मग माझी पालघरला बदली झाली. मधे बरेच दिवस जाणं झालं नाही. धक्केही हळूहळू कमी झाले, कधीतरी एखादा यायचा तेवढाच. गेल्या थंडीत सुट्टी होती म्हणून गेले, आणि गल्लीने न जाता मुद्दाम रस्त्याच्या बाजूने गेले.

देवळापुढच्या पायऱ्यांजवळ, कुंपणाच्या बाहेर, काका उभे होते. केस आणखी पांढरे, शर्ट कडक इस्त्रीचा. तिकाटण्यावर छत्री होती, पण कॅमेऱ्याची पाठ देवळाकडे होती.

"काका, चर्च तिकडे आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी मला ओळखल्याचं एवढंच दाखवलं. "पाहुणा इतकी वर्षं इथून काय बघतो, ते कोणी बघितलंच नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. समोर रोपांच्या रांगा होत्या. पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे सुरूची झाडं, आणि त्यांच्यामधून समुद्राची एक पातळ पट्टी. टेम्पोत तलासरीला जायची रोपं चढत होती. काकांची बहीण ड्रायव्हरला ओरडत होती की खालच्या पिशव्या दाबल्या जातायत. मग तिने मला बघितलं, हात वर केला, आणि लगेच भावाकडे वळली.

"भाई, बाजूला हो. टेम्पो मागे येतोय."

"एक मिनिट थांब."

"माल कोमेजतोय. तुझं मिनिट मला माहीत आहे."

काका थांबले नाहीत. त्यांनी बोट हलवलं, तिकाटणं उचललं आणि टेम्पोला वाट करून दिली.